बर्फावरची दुसरी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. नाव ऐकून हसू नका. आयर्लंडमधल्या शॅनन गावाच्या औद्योगिक वसाहतीत, विमानतळाच्या कुंपणाला लागून पत्र्याची एक मोठी शेड आहे. आत बर्फ गोठवून ठेवलेला असतो आणि त्यावर आइस हॉकी खेळतात. स्केट्सच्या पात्यांनी बर्फ ओरखडून निघाला, की मला आत नेतात. माझ्या पोटाखालचे लांब पाते वरचा थर तासते, मागून गरम पाणी पसरते आणि थोड्या वेळात सगळे गुळगुळीत होते. थोडक्यात, मी पाटी पुसते. पण पुसण्याआधी मी ती वाचते, हे कोणालाच माहीत नाही.

माझा जन्म कॅनडातला. चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या एका छोट्या गावात मी कामाला लागले. रेघांवरून मला माणूस ओळखता येऊ लागला. कोण उतावळा, कोण भित्रा, कोणाचा डावा पाय बळकट, सगळे बर्फावर लिहिलेले असे. एका हिवाळ्यात तिथला एक तरुण खेळाडू एकटाच सराव करत होता. तो गेल्यावर मला त्याच्या रेघेशेजारी आणखी एक रेघ दिसली. ती दारातून आत आली नव्हती आणि दाराकडे परत गेलीही नव्हती. बर्फाच्या मध्येच सुरू झाली होती आणि कठड्यापाशी एकदम संपली होती. मी ती पुसून टाकली. महिन्याभराने तो नेमका त्याच जागी कठड्यावर आदळला आणि पुन्हा कधी स्वतःच्या पायांवर उभा राहिला नाही. मी तेव्हा गप्प बसले, हे मला आजही खाते.

पुढे तिथे नवी गाडी आली. मी विकली गेले आणि जहाजातून आयर्लंडला येऊन पोचले. इथे फिनबार नावाचा पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर मला चालवतो. सुरुवातीला माझे काय कौतुक होते! मी बर्फावर उतरले, की मुले काचेला नाक लावून टाळ्या वाजवत. आता ती फोनमध्ये बघत बसतात. माझ्या डाव्या मागच्या चाकाला ठिगळ आहे, एका नळीतून तेल ठिबकते. "पुढच्या आठवड्यात बघू," असे फिनबार दोन वर्षे म्हणतो आहे.

इथेच अनुष्का खेळायची. अठरा वर्षांची, अंगाने शिडशिडीत, पण बर्फावर वाऱ्यासारखी सुटायची. ती फॉरवर्ड, म्हणजे पुढे घुसून गोल करणारी. तिची आई वसुधा शेजारच्या लिमरिक शहरातल्या मराठी विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे पुरवते. अनुष्काचे सारे लक्ष त्या वर्षीच्या ड्राफ्टवर लागले होते. अमेरिकेतल्या मुलींच्या मोठ्या लीगमधले संघ वर्षातून एकदा नव्या खेळाडू निवडतात, तो हा ड्राफ्ट. त्यांच्यासाठी तिची पारख करायला आला तो मात्र आपलाच, मराठी निघाला. सुश्रुत लिमरिकला खेळशास्त्र शिकला आणि इथेच नोकरीला राहिला. एका संघासाठी तो खेळाडू पाहून अहवाल लिहीत असे. तिच्याबद्दलचा अहवाल तीन शनिवारांनंतरच्या सोमवारी द्यायचा होता. त्यावर त्या मुलीचे सगळे काही अवलंबून होते.

पहिल्या शनिवारी वसुधाने त्याच्या हातात थालीपिठांचा डबा ठेवला आणि लगेच विचारले, "दहापैकी किती देशील?"

"काकू, ही काय बोर्डाची परीक्षा आहे?" तो हसला. "तिचा वेग सगळ्यांनाच दिसतो. मला बघायचंय, ती दोन वर्षांनी कशी असेल."

मित्रांनो, ते मला त्याच संध्याकाळी दिसले.

अनुष्काच्या डाव्या स्केटच्या पात्याचा टवका उडालेला होता. त्यामुळे वळताना तिच्या रेघेत केसाएवढी एक बारीक रेघ उरायची. त्या दिवशी ती एकटीच अर्धा तास जास्त खेळली होती. मी आत गेले, तर शेजारी दुसरी रेघ होती. तिच्यातही तीच केसाएवढी रेघ होती, तोच टवका. पण ही रेघ खोल होती, वयाने वाढलेल्या, वजनदार बाईची. खरी रेघ कापली जाते तेव्हा कडेला बर्फाचा भुसा पडतो. हिच्या कडेला भुसाच नव्हता. आणि उजवा पाय तर नुसता फरफटत गेला होता. उजव्या कोपऱ्यात, कठड्याच्या अलीकडे, ती रेघ संपली होती. माझ्या पोटातले पाणी गरम असते, तरी मला थंडी वाजली. फिनबारला काही दिसले नाही. त्याने मला पुढे रेटले आणि मी पुसले.

मग मी अनुष्काच्या खऱ्या रेघा नीट वाचल्या. ती उजवीकडे वळतच नव्हती! प्रत्येक वेळी डावीकडून लांबचा फेरा घ्यायची, इतक्या सफाईने, की प्रशिक्षकाला ती तिची खास शैली वाटे. कपडे बदलायच्या खोलीतून येताना तिचा उजवा गुडघा चिकटपट्ट्यांनी जखडलेला असे. वसुधा विचारायची, "पाय दुखतोय का गं?" आणि ती म्हणायची, "आय'म ग्रँड, आई." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक', आणि इथे सगळेच ग्रँड असतात.

दुसऱ्या शनिवारी ती रेघ पुन्हा दिसली, आणखी खोल. सुश्रुतला रेघा वाचायची सवय असावी, कारण सराव संपल्यावर तो वही घेऊन प्रेक्षकांच्या बाकांवरून खाली उतरत होता. पण पुढच्या गटाची वेळ झाली होती आणि तो कठड्याशी पोचेपर्यंत मी सारे साफ करून टाकले होते. स्वतःच्या कामाची मला इतकी चीड कधी आली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी सराव संपला. फिनबारने किल्ली फिरवली. माणसे म्हणतात, गाडी अडून बसली. त्या दिवशी मी खरोखर अडून बसले. त्याने शिव्या दिल्या, लाथ घातली, मी हूं की चूं केले नाही.

सुश्रुत बर्फावर आला. अनुष्काच्या रेघांमागून चालता चालता तो थबकला आणि गुडघ्यांवर बसला. त्याने त्या दुसऱ्या रेघेत बोट घातले आणि चटका बसावा तसे काढून घेतले.

"अनुष्का, तुझ्याबरोबर अजून कोण होतं इथे?"

"नोबडी. जस्ट मी."

तो त्या रेघेच्या सुरुवातीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "इथून हळूच सुरू कर आणि उजवीकडे वळून दाखव."

तिचा चेहरा पांढरा पडला. पण पारखी समोर उभा, नाही कसे म्हणणार? ती निघाली. वळताना उजवा पाय लुळा पडला आणि फरफटू लागला. तिची रेघ त्या रेघेवर तंतोतंत बसत चालली होती, केसभरही इकडेतिकडे नाही. कोपरा जवळ येत होता.

"थांब!" सुश्रुत जिवाच्या आकांताने ओरडला.

रेघ जिथे संपत होती, तिथून हातभर अलीकडे ती थांबली आणि मटकन खाली बसली. मग तिने रडत रडत सगळे सांगितले. जानेवारीत पडली होती. गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखे झाले होते. ड्राफ्ट जाईल म्हणून तिने कोणालाच कळू दिले नव्हते. कठड्याबाहेर उभी असलेली वसुधा चपला घालूनच बर्फावर धावली, घसरली, उठली आणि लेकीला घट्ट धरून बसली.

जरा वेळाने ती म्हणाली, "सुश्रुत, हे लिहू नकोस रे. आपलीच पोर आहे ना?"

"काकू, ही रेघ कुठे जाऊन संपते ते मी पाहिलंय," तो म्हणाला. "मी लिहिणार."

त्याने लिहिले, "हिच्याइतकी नजर मी कोणात पाहिली नाही. उजवा गुडघा जायबंदी आहे. यंदा निवडू नका. बरी झाल्यावर पुन्हा पाहा." त्या वर्षी तिला कोणी घेतले नाही. वसुधाचा डबाही त्याला कधी आला नाही. अनुष्काची शस्त्रक्रिया झाली आणि दहा महिने ती माझ्याकडे फिरकली नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखे वाटे.

ती परतली तेव्हा आधी लंगडत, मग सावरत, आणि एक दिवस सरळ उजवीकडे वळली. सुश्रुत पुन्हा वही घेऊन वर बसला. वसुधाने त्याच्याशी न बोलता डबा शेजारी ठेवला. या वेळी अनुष्काची निवड झाली. अमेरिकेला जाण्याआधीच्या तिच्या शेवटच्या सरावानंतर मी धास्तावून आत गेले. दुसरी रेघ होती. खोल, तोच टवका, पण दोन्ही पाय सारखे उमटलेले. कोपरा ओलांडून ती थेट दाराबाहेर गेली होती. ती पुसताना मला पहिल्यांदाच आनंद झाला.

पण मित्रांनो, तेवढ्यात मला पुढे आणखी काही दिसले. माझ्या चाकांचे ठसे बर्फावर कधीच उरत नाहीत. माझेच पाणी ते पुसत जाते. तरीही त्या दिवशी, मी अजून जिथे पोचलेच नव्हते तिथे, चाकांचे ठसे होते. डाव्या मागच्या चाकाला ठिगळ होते. मधल्या वर्तुळापर्यंत ते गेले होते. पुढे काही नव्हते, माझी वाट तिथेच संपत होती.

म्हणून एवढेच मागते. कोणी पुढे कसे होईल हे तुम्हाला ठरवायचे असेल, तर त्याचा वेग मोजण्याआधी त्याची पावले बघा. तो ग्रँड आहे म्हणाला, तरी पुन्हा एकदा विचारा. फिनबार रोज सकाळी माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणतो, "ऑल ग्रँड, ओल्ड गर्ल?" मी नुसती घरघरते. तुम्ही तरी त्याला सांगा, जरा खाली वाकून बघ म्हणावे.