ओहोळाला इंग्रजीत काय म्हणतात

माझी नात परदेशात वाढलेली. मराठी तिला चार शब्दांपुरती कळते. रविवारी लेक फोन लावते, पोर पडद्यावर येते, "हॅलो आजी" म्हणते आणि पळते. त्यांच्या घरामागे बारीकसा ओहोळ आहे, दिवसभर ती त्यातच असते. निदान त्या ओहोळाबद्दल तरी तिला थांबवून काही विचारावं, असं मला फार वाटे.

म्हातारपणी अक्षरं गिरवायला मी ज्या वर्गात जाते, तिथल्या बाईंना विचारलं.

"मावशी, ओहोळ म्हणजे रिव्ह्युलेट," बाई म्हणाल्या. "काचेवरून पाण्याचे ओघळ उतरतात ना, त्यांनाही तेच म्हणतात."

"अगं बाई! म्हणजे जन्मभर मी रिव्ह्युलेटच पुसले की!"

कचेऱ्यांच्या काचा पुसण्यात माझी हयात गेली. ओल्या काचेवरून रबरी पट्टी वरून खाली ओढायची, कडा आधी कोरड्या करायच्या. कडेतून एक ओघळ निसटला की केलेलं सगळं पाण्यात.

"जीभ मुरगळेल हं, म्हातारे," वर्गात शेजारी बसणारी शिंपीण म्हणाली. मुरगळली नाही. भांडी घासताना, केस विंचरताना मी तो शब्द घोळवत राहिले.

रविवारी पोर पडद्यावर येताच म्हटलं, "रिव्ह्युलेट! युअर रिव्ह्युलेट, गुड?"

तिचे डोळे लकाकले. कधी नव्हे ते भरभर बोलली. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, पण मी मान डोलावत राहिले. मग "वेट आजी, आय विल शो यू!" म्हणत ती धावली. फोन तिथेच टेकवलेला राहिला.

समोर त्यांची खिडकी दिसत होती. नुकतीच धुतलेली, पण कुणीतरी खालून वर पुसलेली. कडेचं पाणी ओघळत होतं. मी एकेक ओघळ खाली पोहोचेपर्यंत बघत बसले. माझा चहा निवला.

मग लेक डोकावली. "अगं आई, तू अजून आहेस? ती बाटली घेऊन ओहोळात उतरलीय, विसरली बघ. हाक मारू?"

"नको, खेळू दे. आणि काच वरून खाली पुसत जा गं. कडा आधी."

"फोनवर तरी काम सोड, आई," ती हसली. बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पाटी पुढे केली. "बाई, आता असा शब्द द्या, की पोर जागची हलणार नाही."