मी पाय सोडला नाही

मित्रांनो, स्टोअरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली ही काळी, भेगाळलेली वस्तू म्हणजे मी. मी बूटच आहे, पण रस्त्यावर चालणारा नव्हे. पाण्यावर घसरत जायची एक लांब फळी असते, तिला स्की म्हणतात. त्या फळीवर मला स्क्रूंनी बसवलं होतं. खेळाडूचा पुढचा पाय माझ्यात आणि मागचा पाय माझ्या पाठीमागच्या रबरी पट्ट्यात. पुढे मोटारबोट पळते, तिची दोरी हातात धरायची आणि पाण्यावर मांडलेल्या सहा केशरी गोळ्यांना एक डावीकडून, एक उजवीकडून असा वळसा घालत सुसाट जायचं. या खेळाला स्लालम म्हणतात.

दिल्ली छावणीतल्या एका पलटणीने मला आणलं ते शहाऐंशी साली. हरियाणात सोहन्याकडच्या एका तळ्यावर आमचा सराव चाले. हवालदार हिंमतराव तिथे शिकवायचे, म्हणून सगळे जवान त्यांना उस्ताद म्हणत. गाव कऱ्हाडजवळचं, पोहायला कृष्णेत शिकलेले. ते पाय साबणाच्या पाण्यात बुडवून मगच माझ्यात घालायचे, कारण कोरडा पाय माझ्यात शिरतच नसे, इतका मी घट्ट. हा बूट एकदा धरलेला पाय सोडत नाही, असं ते येईल त्याला कौतुकाने सांगत. ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं. मूर्ख होतो, दुसरं काय.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये, चौथ्या गोळ्याला वळताना फळीचं टोक पाण्यात घुसलं आणि हिंमतराव पुढे फेकले गेले. पट्ट्यातला मागचा पाय लगेच निसटला. पुढचा मी धरून ठेवला. तोच तर माझा गुण होता! साडेपाच फुटी फळी पाण्यात गरकन फिरली, तिच्याबरोबर मी फिरलो, आणि माझ्या आतल्या पायाला तेवढं फिरता आलं नाही. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज बोटीवर कोणाला आला नाही. मला आला.

दोन महिन्यांनी हिंमतराव प्लास्टर घालून क्वार्टरवर आले आणि मी फळीसकट त्यांच्या खाटेखाली जाऊन पडलो. त्यांची बायको शेवंताबाई केर काढताना मला झाडूने ढकलायची, आणि मला त्याचं वाईट वाटत नसे. एक दिवस ढकलता ढकलता ती थांबली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, मागचा पाय सुटला तर सुटला. मग पुढचा का अडकून राहिला? राहायचे तर दोन्ही राहावेत, नाहीतर दोन्ही सुटावेत."

हिंमतरावांचं जेवणातलं लक्ष उडालं. आठवड्याभरात त्यांनी वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमची एक पाटी कापून आणवली. मला आणि मागच्या पट्ट्याला त्यांनी फळीवरून काढलं आणि त्या एकाच पाटीवर बसवलं. ती पाटी फळीला धरून ठेवायला टाचेकडे स्प्रिंगचा एक चाप. जोराचा हिसका बसला की चाप उघडायचा आणि पाटी फळीपासून सुटायची. पाय दोन्ही पाटीवरच, एकमेकांच्या सोबत. फळी मग खुशाल गरगर फिरो. चाप किती जोराला उघडेल ते एका स्क्रूवर ठरे, तो जितका आवळाल तितका चाप घट्ट. लंगरमधून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, धान्य जोखायचा काटा आणून, मोडका पाय स्टुलावर ठेवून, हिंमतराव त्या काट्याने माझी टाच ओढून ओढून बघत बसायचे. शेवटी एके दिवशी त्यांनी मान हलवली आणि स्क्रूच्या डोक्यापासून पाटीपर्यंत लाल रंगाची एक रेघ मारली. स्क्रू इथेच राहायचा, याच्या पुढे फिरवायचा नाही.

हे फक्त त्यांना ठाऊक होतं आणि मला. त्यांनी ते कुठे लिहिलं नाही, कोणाला सांगितलंही नाही. फौजेत करायचं काय तेवढं सांगतात, का ते सांगायची पद्धत नाही.

हिंमतरावांचं पाण्यावर जाणं संपलं होतं. त्यांना स्टोअर दिलं आणि माझ्यात पाय आला तो श्यामचा. श्याम फलटणकडचा, बावीस वर्षांचा जवान, अंगाने हलका आणि कामाला चोख. त्याच्या खाटेवरची बिनसुरकुतीची चादर बघून बाकीचे त्याला नवरी म्हणून चिडवत. पलटणीच्या संघात यायचं, एवढा एकच ध्यास त्याने घेतला होता. ऑगस्टमध्ये तो तिसऱ्या गोळ्याला जोरात आपटला. माझ्या टाचेखाली चाप खट्कन उघडला, आणि फळी एकीकडे, आम्ही एकीकडे! श्याम पाण्यात हसत होता. काठावर हिंमतराव काठी टाकून खाली बसले. माझ्या उभ्या आयुष्यातला तेवढा एक दिवस चांगला गेला.

ऑक्टोबरात मोठे पाहुणे खेळ बघायला येणार होते. आदल्या दिवशी सकाळी साहेब किट तपासणार, म्हणजे प्रत्येकाने आपलं सामान घोंगडीवर ओळीने मांडायचं आणि साहेब एकेक वस्तू हातात घेऊन बघणार. नेमके त्याच दोन दिवसांत हिंमतरावांना पाय दाखवायला मेडिकल बोर्डापुढे जायचं होतं. निघताना ते बराकीच्या दारात उभे राहिले आणि नेहमी सांगत तेच त्यांनी सांगितलं.

"एकही स्क्रू ढिला दिसता कामा नये. कुठे डाग दिसता कामा नये. मला मान खाली घालायला लावू नका."

श्याम संध्याकाळी मला मांडीवर घेऊन बसला. त्याने मला साबणाने धुतलं, पुसलं, पाटी चकचकीत केली. मग त्याला ती लाल रेघ दिसली. रॉकेलचा बोळा घेऊन तो ती घासू लागला. रेघ लवकर निघेना, तर त्याने नखाने खरवडून काढली. मग पेचकस घेऊन एकेक स्क्रू आवळत आला. टाचेकडचा चापाचा स्क्रू बराच फिरला, तेव्हा त्याने जीभ चावली. एवढा ढिला स्क्रू उस्तादांच्या नजरेतून कसा सुटला, असं तो शेजारच्याला म्हणालाही. मग त्याने दोन्ही हातांनी जोर लावून तो पार शेवटपर्यंत आवळला. मित्रांनो, मला वाचा असती तर मी तेव्हा ओरडलो असतो. माझी इतकी निगा त्याआधी कोणी राखली नव्हती.

सकाळी साहेबांनी पाटीवरून बोट फिरवलं आणि श्यामला शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी शामियाना होता, बँड होता. श्यामने पहिला गोळा सुरेख घेतला. दुसऱ्याला दोरी क्षणभर सैल पडली, मग हिसका बसला आणि तो तोंडावर आपटला. मागचा पाय निसटला. फळी फिरू लागली. या खेपेला मला सोडायचं होतं हो! मी चापाच्या खट् आवाजाची वाट बघत होतो. चाप हललाच नाही. फळीबरोबर मी पुन्हा पुरता फिरलो, आणि तो आवाज मी दुसऱ्यांदा ऐकला. बँड अजून वाजत होता.

हिंमतराव परत आले ते थेट तळ्यावर. त्यांनी फळी उलटीपालटी केली, पाटीवर हात फिरवला, आणि जिथे रेघ होती तिथे त्यांचं बोट थांबलं. मला पाटीसकट पिशवीत घालून ते इस्पितळात गेले. श्यामचा पाय वजनं लावून टांगलेला होता. गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडला होता आणि तो पहिल्यासारखा होणार नाही, हे डॉक्टरांनी त्याला सकाळीच सांगितलं होतं. हिंमतरावांनी मला पलंगावर ठेवलं आणि विचारलं, इथली लाल रेघ कुठे गेली?

"रेघ? तो डाग होता ना, उस्ताद. अर्धा तास घासला मी."

हिंमतराव पलंगाच्या कडेला बसले. मग अडखळत त्यांनी सगळं सांगितलं, शेवंताबाईच्या प्रश्नापासून काट्यापर्यंत. श्याम ऐकत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "हे मला आधी सांगितलं असतंत तर मी हात लावला असता का?"

श्याम कुबड्या घेऊन गावी गेला. पाय दीड इंच आखूड राहिला.

हिंमतरावांनी रेघ पुन्हा मारली. पण नुसती मारून थांबले नाहीत. नव्या जवानाला ते स्टोअरमध्ये बोलावत, काटा त्याच्या हातात देत आणि माझी टाच त्यालाच ओढायला लावत. मग आपली विजार वर करून स्वतःची नडगी दाखवत, आणि श्यामचं नाव घेऊन, त्याला हे मी सांगितलं नव्हतं, असं दर वेळी म्हणत. रिटायर झाले त्या दिवशीही सकाळी त्यांनी दोघांना हे सांगितलं.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतो की आमची निगा राखा. मी तसं म्हणणार नाही. श्यामने राखली होती. कुठल्याही वस्तूवर एखादी रेघ दिसली, तर पुसण्याआधी विचारा की ती कोणी मारली आणि कशासाठी. आणि रेघ मारणारे तुम्ही असाल, तर कोणी विचारेल म्हणून वाट बघत बसू नका. आमच्या श्यामने विचारलं, पण तेव्हा त्याचा पाय टांगलेला होता.