डावी बाजू राहिली

सोनगीरच्या अभिमन नानांच्या मते गावात अक्कल असलेला माणूस एकच होता, आणि त्याचं नाव अभिमन होतं. तलाठी कामचोर, मास्तर आळशी, सोसायटीचा चेअरमन बिनडोक. बायको भागाबाई तर त्यांच्या गणतीतच नव्हती. चाळीस वर्षं तिच्या प्रत्येक बोलण्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुले काय समजस?"

धाकट्या भावाची मुलगी ज्योती दातांची डॉक्टर झाली. हिरड्यांच्या आजारांचं वेगळं शिक्षण घेऊन तिनं धुळ्यात, देवपूरला दवाखाना काढला. भाऊबंदांनी पेढे खाल्ले. नानांनीही खाल्ले, आणि दुसरा उचलता उचलता म्हणाले, "इतली वर्षं शिकनी, अन् काम काय? लोकेसन्या उष्ट्या तोंडमा हात घालना!"

पुढं त्यांचंच तोंड बिघडलं. चूळ भरली की रक्त यायचं. पुढचे दात बोटानं हलायचे. वास असा यायचा की पारावर त्यांच्या शेजारी कुणी टेकेना. लोक आपल्याला मान देऊन लांब बसतात, असं नानांना वाटत होतं. भागाबाई दोनदा म्हणाली, "ज्योतीले दाखाडा." दोन्ही वेळा तिला नेहमीचं उत्तर मिळालं. शेवटी भाकरी चावेना, तेव्हा नाना निघाले. सोबत भागाबाईही गेली. मिसरी लावून लावून तिच्याही हिरड्या सुजल्या होत्या.

ज्योतीनं दोघांना तपासलं. खुणा असलेली बारीक सळई हिरडीत घालून किती खोल जाते ते मोजलं, एक्स-रे काढले.

"नाना, दात किडलेले नाहीत. पण हिरडीच्या आत, मुळांवर किटण साचलंय. त्यापायी आतलं हाड झिजलंय. वरवरच्या सफाईनं भागणार नाही. हिरडी बधिर करून आत मुळापर्यंत साफ करावं लागेल. आज उजवी बाजू करू, पुढच्या आठवड्यात डावी. मोठी माय, तुमचंही तसंच. आणि नाना, तंबाखू बंद. मोठी माय, मिसरी बंद."

भागाबाईनं मान हलवली. नाना हसले.

खुर्चीत पडल्या पडल्या त्यांनी ज्योतीला दिवा कुठे धरावा ते सांगितलं. मग तिनं सुई काढली, आणि निवडणुकीत दोन गटांना एकटा भिडलो म्हणून सांगणारा हा माणूस असा ओरडला की बाहेर नंबर लावून बसलेली एक बाई उठून घरी गेली. पुढचा पाऊण तास मशीनची गुणगुण, पाण्याचा फवारा आणि हिरडीच्या आत चालणारी हत्यारांची खरखर. दुखलं काहीच नाही. ज्योतीनं कापसावर निघालेले काळे कण दाखवले.

नानांनी पाहिले. "हाई ते तुना मशीनमाईन निंघनं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गार पाणी उजव्या दातांना झोंबलं. जीभ फिरवली तर दातांमध्ये फटी. नानांनी फोन लावून ज्योतीला फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "त्या फटींत किटण भरलेलं होतं. ते निघालं, सूज उतरली, म्हणून जागा मोकळी दिसते. झोंबणं काही आठवड्यांत कमी होईल. बुधवारी डाव्या बाजूसाठी या."

नाना बुधवारी पारावर होते. पोरीनं दात खरवडून बारीक केले, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड उघडून दाखवत होते. भागाबाई एकटी एसटीनं धुळ्याला गेली.

"म्हतारपणमा दात चमकाडाले चालनी!" नाना मागून ओरडले. तिनं वळूनही पाहिलं नाही.

मिसरी सुटताना तिचं डोकं चढायचं, हात आपोआप डबीकडे जायचा. एके दिवशी तिनं डबीच उकिरड्यावर फेकली. मऊ ब्रशनं, ज्योतीनं दाखवला तसा हात फिरवत, ती सकाळ-संध्याकाळ दात घासू लागली. ओसरीवर बसून नाना हसायचे आणि तंबाखूची चिमूट डाव्या गालात सारायचे. ज्योतीनं त्यांना आणखी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाही. आजाऱ्याची समजूत घालायला ती दिवसभर तयार असे, नानांची नाही.

थंडीत मळ्यावर भरिताचा बेत झाला. पिंपळनेरहून व्याही गिरधर आबा आले होते. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. नानांनी घास तोंडात घातला आणि घास असतानाच आजकालचे डॉक्टर कसे लुटारू, ते सांगू लागले. बोलता बोलता थांबले. जिभेनं काहीतरी चाचपलं आणि तळहातावर काढलं. अख्खी दाढ होती, मुळांसकट, भरितात माखलेली. हाड नव्हे, दगड नव्हे, मऊ भरीत खाताना ती निघाली होती.

गिरधर आबांनी ताट जरा पलीकडे ओढलं.

भागाबाई भाकरी मोडत होती. तिनं विचारलं, "कोनता आंगनी शे?"

नानांनी दाढ मुठीत झाकली.

"डावीच व्हई," ती म्हणाली आणि आबांना आणखी भरीत वाढलं.

आठवड्यानं नाना देवपूरच्या खुर्चीत होते. ज्योतीनं पुन्हा मोजलं. "उजवीकडे सळई सात मिलिमीटर आत जात होती, तिथं चार आलंय. डावीकडे सात होतं तिथं नऊ. पडलेल्या दाढेशेजारची काढावीच लागेल. बाकीच्या साफ करून बघू."

"मनी उजवी बाजू पहिलेपासूनच मजबूत शे," नाना म्हणाले.

ज्योतीनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. दवाखान्याच्या बारा वर्षांत तिनं नाना तऱ्हेची घाण पाहिली होती, पण तेव्हाही तिचा चेहरा असा झाला नव्हता. समजावण्यात तिनं एक शब्द घालवला नाही. मास्क वर ओढला, सुई घेतली आणि म्हणाली, "आ करा."

नाना पुन्हा ओरडले. या वेळी बाहेर भागाबाईच बसली होती. ती उठली नाही. तिनं बटण फिरवून पंख्याचा वेग वाढवला.

पारावर नाना आता उजवीकडचे दात दाखवून घराण्याच्या हाडापेराची कीर्ती सांगतात. डावीकडचं कुणी विचारलं तर त्यांना कामं आठवतात.

गेल्या सोमवारी भागाबाई शेजारच्या शेवंताबाईला धुळ्याला घेऊन निघाली. तिच्याही हिरड्यांतून रक्त येत होतं. ओसरीवरून नानांनी विचारलं, "मंग दुपारना चहा कोन करी?"

"चूल जागावरच शे," भागाबाई म्हणाली, आणि दोघी स्टँडकडे चालू लागल्या.