ज्याची कुंडी त्याने न्यावी

"हा गुलाब माझा नाही," शकु म्हणाली. कुंडीचा काठ तिने फडक्याने पुसला, त्यावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि निळ्या पेनाने लिहिलं : सबनीस, पहिला मजला.

"सबनीस पुण्याला जाऊन आठ वर्षं झाली गं," मागच्या दाराच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेली शुभा म्हणाली. शुभा तिसऱ्या मजल्यावरची. मधुकुंज सोसायटीत शकुला एकेरी हाक मारणारी आता तीच उरली होती.

"मुलगा भांडुपला असतो. त्याला फोन केला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, कुठला गुलाब?"

शुभाला चहाचा ठसका लागला. शकु पुढच्या कुंडीकडे वळली.

मुलुंड पूर्वेची ही चार मजली इमारत तीस एप्रिलपर्यंत रिकामी करायची होती. नंतर ती पाडून तिथे बावीस मजले उभे राहणार होते. इमारतीची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये आठ फूट रुंदीची पट्टी होती. तळमजल्यावर परबांचं, म्हणजे शकुचं घर, त्यामुळे ती आपोआप शकुच्या वाट्याला आली. तिथे एकेचाळीस कुंड्या होत्या. बघणारे म्हणत, शकुताईंना बागेची काय हौस! खरं तर हौस म्हणून तिने आणलेलं रोप हुडकायलाच लागलं असतं. लोक आपापल्या कुंड्या घेऊन खाली यायचे. कुणी गावाला चाललेलं असायचं, कुणी मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला. कुणाच्या खिडकीत ऊन येत नसे, तर कुणाला वास्तुवाल्याने निवडुंग घराबाहेर काढायला सांगितलेलं असे. सगळ्यांचं वाक्य एकच. "शकुताई, पंधरा दिवस बघाल ना?"

पंधरा दिवसांची वर्षं होत. रोप परत न्यायला कुणी येत नसे. फुलं न्यायला मात्र येत. गणपतीत पहाटे मागचं दार वाजे, दूर्वा हव्या असत. नागपंचमीला पातोळ्यांसाठी हळदीची पानं, खोकल्याला ओव्याची, सकाळच्या चहाला गवती चहा. शकु ड्युटीवर असली तरी लोक कंपाउंडवरून हात घालून तोडून नेत.

एकतीस वर्षं ती महापालिकेच्या रुग्णालयात रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. मार्चअखेर निवृत्त झाली. रक्ताच्या पिशवीवर लेबल नसेल तर ती पिशवी कुणाच्याच उपयोगाची नसते, आणि लेबल चुकलं तर माणूस मरतो. लेबलाच्या बाबतीत शकुने आयुष्यात चूक केली नव्हती. म्हणून गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं : 'मागच्या अंगणात ज्यांनी कुंड्या ठेवल्या आहेत त्यांनी आपापल्या कुंड्या रविवार संध्याकाळी सहापर्यंत न्याव्यात. त्यानंतर उरलेल्या कुंड्या फाटकाबाहेर ठेवल्या जातील.'

अकरा जणांनी अंगठे पाठवले. एकाने विचारलं, कढीपत्ता मात्र सगळ्यांचा ना? दुसऱ्या मजल्यावरच्या रेवतीने लिहिलं, 'ताई, मग पातोळ्यांचं काय?'

शकुने उत्तर दिलं, 'हळद दोन नंबरच्या रांगेत आहे. आता वर पान दिसणार नाही, गड्डे खाली जिवंत आहेत. घेऊन जा.'

"तू लवूला सांगितलंस का पण?" शुभाने विचारलं.

शकुने चिकटपट्टीचं टोक नखाने शोधलं. लवू तिचा धाकटा भाऊ. लग्नानंतर तो गोरेगावला गेला. तिथल्या स्टुडिओत लाइटचं काम करायचा. आईवडिलांची आजारपणं, शेवटचे दिवस, श्राद्धं, सगळं इथे शकुकडे झालं. आता इमारत पडणार म्हटल्यावर लवूने बोरिवलीला मोठी जागा भाड्याने घेतली होती. वर गच्ची. 'तुझ्या कुंड्यांसाठी घेतली,' असं त्याने तीनदा सांगितलं होतं. जुलैत त्याच्या मुलीचं, प्रांजलचं बाळंतपण होतं, आणि वहिनीची, वनमालाची, पाठ दुखायची. हे त्याने एकदाच सांगितलं, पण शकुच्या लक्षात तेच राहिलं.

शकुने घाटकोपरला पाचव्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढी जागा घेतली होती. चावी पर्समध्ये होती. हे फक्त शुभाला ठाऊक होतं.

"आता एकच राहिली," शकु म्हणाली. तिने शेवटची पट्टी कापली आणि त्यावर सावकाश लिहिलं : शकुंतला परब. ती कोपऱ्यातल्या मोगऱ्याला लावली. मोगरा कळ्यांनी भरला होता. "एवढा माझ्याबरोबर येणार. एकच पुरे."

शुभाने कप खाली ठेवला. ती एकदा मोगऱ्याकडे, एकदा पट्टीकडे बघायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही गं."

"शुभा."

"अगं, मोगरा माझा आहे ना." शुभाला हसावं की नाही ते कळेना. "माझ्या मिहिरच्या बाळंतपणाच्या वेळी आईने वसईहून दिलेला. वर ऊन नव्हतं. मीच तर म्हटलं होतं तुला, पंधरा दिवस."

"नाही. हा मी लावला. नोकरीत कायम झाले त्या वर्षी."

"असेल बाई. माझंच चुकत असेल."

पण शकुला 'असेल' हा शब्द चालत नसे. कुंडी म्हणून जे होतं ती खरं म्हणजे बादली होती. दर दिवाळीला गेरूचा हात देऊन देऊन तिची कुंडी झाली होती. शकुने नखाने गेरू खरवडला. खाली निळं प्लास्टिक निघालं. तिने ओलं फडकं घेतलं आणि बादली गोल फिरवत पुसून काढली. मागच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेला आकडा होता, बारा. टँकर यायचा त्या उन्हाळ्यात बादल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून सगळ्यांनी आपापले खोली नंबर घातले होते. बारा म्हणजे शुभा.

शकु बराच वेळ त्या आकड्याकडे बघत उकिडवी बसली. कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी काहीतरी लावायचं असं तिने ठरवलं होतं, ते मात्र तिला स्पष्ट आठवलं. ठरवलं होतं. मग आईला ताप आला होता.

"राहू दे ना तुलाच," शुभा घाईघाईने म्हणाली. "मी दिला असं समज."

"नको."

"हट्टी आहेस नुसती."

"आज घेतला तर तो तुझाच राहील. पुढल्या उन्हाळ्यात कळ्या मोजायला घाटकोपरला येशील." शकुने स्वतःच्या नावाची पट्टी अलगद सोडवली. ठेवायला जागा नव्हती म्हणून मनगटावर चिकटवली. दुसरी पट्टी कापली आणि लिहिलं : शुभा, १२.

रविवारी सकाळपासून माणसं येत राहिली. रेवतीने हळद नेली, 'यात काहीच नाहीये हो' असं म्हणत. सबनीसांचा मुलगा दुपारी गाडी घेऊन आला. गुलाबाकडे त्याने असं बघितलं, जणू काही तो चावणार आहे.

"सीट खराब होईल, यार," तो स्वतःशीच म्हणाला.

"खाली घालायला पेपर देते," शकु म्हणाली.

त्याने मोबाइलवर आईला गुलाब दाखवला. पडद्यावरच्या म्हातारीचं गुलाबाकडे लक्षच गेलं नाही. तिला मागे शकु दिसली. "शकु? तू अजून तिथेच आहेस?"

"उद्यापर्यंत," शकु म्हणाली.

चार वाजता लवू टेम्पो घेऊन आला. अंगणात शिरला आणि थांबला. निम्मी पट्टी रिकामी होती. जमिनीवर कुंड्यांचे गोल डाग राहिले होते.

"कुंड्या कुठे गेल्या?"

"ज्याच्या त्याच्या घरी."

"अगं, मी टेम्पो आणलाय. गच्ची घेतलीय खास."

"मी बोरिवलीला येत नाही, लवू. घाटकोपरला जागा घेतली आहे. उद्या सकाळी जाते."

लवूने टेम्पोवाल्याला बाहेर थांबायला सांगितलं. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता, आणि आवाज उतरला की त्याच्या तोंडात मालवणी यायची. "ताय, ह्या काय मांडलंस? लोक काय म्हणतले? बहिणीक एकटी टाकल्यान. तुका काय कमी पडतला गो माझ्याकडे?"

"कमी काय्येक नाय रे," शकुही मालवणीत म्हणाली. "जास्तीच झाला."

"वनमालाने तुझी खोली लावून ठेवलीय. प्रांजल सारखी विचारते, आत्या कधी येणार."

"बाळंतपणाला येईन. पाहुणी म्हणून येईन. सव्वा महिना राहीन आणि माझ्या घरी परत जाईन. रागावून नाही सांगत मी हे. आधी सांगितलेलं बरं."

लवू पायरीवर बसला. त्याचे केस मागून बाबांसारखे विरळ झाले होते. तो म्हणाला, "तुझी कुठली घेऊन चाललीस? ती तरी टेम्पोत टाकतो. घाटकोपरला सोडू."

"माझी एकही नाही."

"एकही नाही म्हणजे?"

"तपासून बघितलं. नाही."

मग तिने कोपऱ्यातल्या चाफ्याकडे बोट दाखवलं. अर्धा कापलेला ड्रम, त्यात कमरेएवढा चाफा. पट्टीवर लिहिलं होतं : लवू. बाबा गेले त्या वर्षी गावच्या घरामागची फांदी त्यानेच ओल्या कापडात गुंडाळून आणली होती. खोपट्याएवढ्या जागेत कुठे ठेवू, म्हणून शकुकडे दिली होती.

"हा माझ्याकडे मरेल गं," लवू म्हणाला. "मला काय कळतं यातलं?"

"मरू दे मग. पण मेला तर तुझ्याकडे मेला पाहिजे."

हे आपण मोठ्याने बोललो, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. लवू उठला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ड्रमची एक बाजू धरली. दुसरी शकुने धरली. दोघांनी मिळून चाफा टेम्पोत चढवला. एवढ्या मोठ्या टेम्पोत तो एकटाच होता. लवूने बसताना त्याला आधाराला पाय लावला.

सहा वाजता नऊ कुंड्या उरल्या. शकुने त्या एकेक करून फाटकाबाहेर मांडल्या. मोगरा शुभाने वर नेला. दोन मजले चढून दम खाल्लेला शकुला खालून ऐकू आला.

सोमवारी दुपारी घाटकोपरच्या खोलीत चार खोकी, एक कपाट आणि गादी आली. दाराला पाटी नव्हती. रखवालदार विचारून गेला, नाव काय लिहायचं, किती माणसं. शकुने पर्समधून स्वतःच्या नावाची पट्टी काढली. मनगटावरून काढून ती तिने रुग्णालयाच्या जुन्या ओळखपत्राच्या पाकिटाला लावून ठेवली होती. गोंद थोडा सुटला होता. तिने ती दारावर चिकटवली आणि अंगठ्याने दाबून धरली. "हे," ती म्हणाली. "माणसं एक."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तिला जाग आली. हाताने सवयीने पाण्याचा मग घेतला, नळाखाली भरला, आणि ती छोट्या गॅलरीत जाऊन उभी राहिली. समोर स्वच्छ पुसलेली लादी. खाली मेट्रोच्या खांबांवर उजेड यायला लागला होता. हातातला मग काठोकाठ भरलेला होता.

फोन वाजला. लवू.

"ताय, झोपली नाहीस ना? ह्या चाफ्याक पाणी किती घालूचा?"

"मातीत बोट घालून बघ. वरचं पेर सुकं लागलं तरच घाल. चाफा आहे तो, लाड नकोत."

"आणि किती दिवस बघायचं असं?"

"रोज," शकु म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने साडी घोट्यांच्या वर उचलून धरली. एकतीस वर्षं उभ्या उभ्या झालेल्या नोकरीने पायांच्या शिरा गाठी आल्यासारख्या निळ्या झाल्या होत्या, टाचांच्या भेगांत अजून मधुकुंजची माती होती. तिने हातातला मग तिरका केला. पाणी आधी उजव्या पावलावर सोडलं, मग डाव्या. घाई केली नाही. झाडांना घालायची तसं, मुळाशी, बेताबेताने.