उस्तादांचं रक्त

मी ऑक्सिजनची मशीन बोलतेय. चार चाकं, पाण्याची एक छोटी बाटली आणि माणसाच्या नाकापर्यंत जाणारी लांबलचक नळी, एवढाच माझा संसार. खोलीतली हवा आत ओढायची आणि तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढून द्यायचा, हे माझं काम. मी दिवसभर घरघरते, म्हणून माझ्याजवळ सगळे मोठ्यानेच बोलतात.

आधी मी एका मुख्याध्यापिकाबाईंकडे होते. आठ महिन्यांनी त्यांच्या मुलाने मला ओल्या फडक्याने पुसलं, वायर गुंडाळली आणि मशीनवाल्याला परत दिलं. बाईंची खाट रिकामी होती. मी समजले. तिथून मी इथे, तिसऱ्या मजल्यावर, उस्तादांकडे आले.

उस्ताद म्हणजे फरशी पॉलिश करणारे कारागीर. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या फरशा आरशासारख्या केल्या. दगडाची भुकटी छातीत बसत गेली. आधी फुफ्फुसं गेली, मग त्यांच्यापायी हृदय थकलं.

मी आले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद होता. थोरली बहीण भेटायला आली ती खूशच झाली.

"आजारी म्हणे! गालांवर लाली बघ. हिमोग्लोबिन किती रे?"

"एकोणीस," उस्ताद ऐटीत म्हणाले.

"मग कसली काळजी? माझं दहाच्या वर सरकत नाही."

डॉक्टरीणबाईंनी घरी येऊन खरं ते सांगितलं. "शरीराला ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून ते तांबड्या पेशी वाढवत सुटलंय. रक्त घट्ट झालंय. दमलेल्या हृदयाने ते ढकलायचं म्हणजे..."

"चिखलातून हातगाडी," उस्ताद म्हणाले.

त्यांचं डोकं ठणकायचं, कानात शिट्ट्या वाजायच्या. मग दवाखान्यात नेऊन त्यांचं रक्त काढायला लागले. दर खेपेला जवळजवळ एक पिशवी.

एकदा ते दंडावर कापूस दाबूनच घरी आले. समोर लेक बसलेली. तिला सातवा महिना, आणि हातात तपासणीचा कागद.

"बाबा, माझं रक्त सातवर आलंय. बाहेरून चढवावं लागेल म्हणतात."

उस्तादांनी उभ्याउभ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "माझं पिशवीभर काढून फेकता ना? ते माझ्या पोरीला द्या. गट एकच आहे आमचा." पलीकडचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला.

"आजाऱ्याचं रक्त घेत नाहीत म्हणे. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी उतू चाललंय, आणि ते कुणाच्या उपयोगाचं नाही."

"अहो, आधी नळी घाला नाकात," बायको म्हणाली.

लेकीला कुणा परक्याचं रक्त चढलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

त्यानंतर उस्तादांचे आकडे उतरू लागले. सोळा. तेरा. अकरा. रक्त काढणं तर केव्हाच थांबलेलं. ते म्हणायचे, "बघा, सुधारतोय मी!" डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत राहिल्या. मग दाराशी उभ्या राहून त्यांनी बायकोला सांगितलं. हळू सांगायचं होतं, पण माझ्या घरघरीमुळे आवाज चढला. "हे सुधारणं नाही. दुखणं इतकं जुनं झालं की शरीर रक्त बनवायचंच सोडतं. हृदयाचीही ताकद संपत आलीय."

त्या गेल्यावर उस्ताद म्हणाले, "म्हणजे आतला कारागीरही काम टाकून गेला." बायकोने त्यांची उशी सारखी केली. 

मागच्या आठवड्यात लेक बाळाला घेऊन आली. माझ्या आवाजाने बाळ दचकून रडायला लागलं. नको नको म्हणेपर्यंत उस्तादांनी माझं बटण बंद केलं. खोलीत एकदम शांतता झाली. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं. ते अंगठ्याने तिचं कपाळ चोळत होते आणि त्यांचे ओठ निळे पडत होते.  शेवटी बायकोनेच मला चालू केलं आणि बाळ पुन्हा रडलं.

आता उस्ताद खाटेवरून उठत नाहीत. माझा काटा मिनिटाला दोन लिटरवरून तीनवर गेला, मग चारवर. कालपासून पाचवर आहे. पाचापुढे माझ्यात आकडा नाही.

आज सकाळी ते म्हणाले, "अगं, जरा वाढव ना."

ती वाकली. माझ्या आकड्यांच्या बटणावर तिने बोटं ठेवली, क्षणभर तशीच धरली आणि काढली.

"वाढवलं हं," ती म्हणाली.

"आता बरं वाटतंय," ते म्हणाले.

तुम्ही कधी या घरी आलात, तर तिला खोटारडी म्हणू नका.