बेल बिघडलेली नाही

माझी निर्दोष सुटका झाली. पण मित्रांनो, हे मी सांगितलेलं नाही आणि तुम्ही ऐकलेलं नाही. असं काही घडलंच नाही असं समजून सुरुवात करू.

मी एक जुनी बेल आहे. सुरतेच्या गोडादऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर, राघोआप्पांच्या दाराला असते. दाबलं की चिमणीसारखी चिवचिवते. खरी चिमणी मी अजून पाहिलेली नाही. कारखान्यात जे शिकवलं ते बोलते. माझं बटण बाहेर जिन्याकडे आणि आवाज आत, फ्रिजच्या वर. सदा अर्धी घरात, अर्धी घराबाहेर. अशा जिवाला स्वस्थता कुठून मिळणार?

सुरुवातीला फार कौतुक झालं. शेजारची मुलं मला उगाच वाजवून पळून जायची. बेलला याहून मोठा मान नसतो. मग आप्पा निवृत्त झाले. सारा जन्म यंत्रमागांच्या खटखटाटात उभ्याने काढलेला माणूस दिवसभर खुर्चीत बसू लागला. आणि मी बिघडले. म्हणजे, तसं जाहीर झालं.

एकदा त्यांची बायको सुंदराबाई दूध गॅसवर ठेवून कोथिंबीर आणायला खाली गेल्या. परत येतात तर दार लागलेलं. त्यांनी मला दाबलं. पुन्हा दाबलं. मी जिवाच्या आकांताने चिवचिवले. समोरचे भूपेंद्रभाई बाहेर आले, वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली. आप्पा आत पेपर वाचत होते. पातेलं करपल्याचा वास आला तेव्हा कुठे उठले.

"आवो, मी कवयनी उभी शे!" जिन्यात ताटकळलेल्या सुंदराबाई कडाडल्या.

"मंग बेल वाजाडानी ना!" आप्पा म्हणाले. "हाई बेल मरेल शे. काढी फेका."

दुसऱ्याच दिवशी प्रवीण वायरमन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात. मित्रांनो, स्क्रू-ड्रायव्हर तुम्हाला अवजार वाटतो. भिंतीवर राहणाऱ्यांना तसा वाटत नाही. नेमकी तेव्हाच लिफ्ट बंद होती, म्हणून आप्पा जिना चढून आले. त्यांचा अंगठा बटणावर टेकला आणि मला वाटलं, मोबाइल थरथरतोय. दार सताड उघडं. मी कोकलले.

"देख," आप्पा धापा टाकत म्हणाले, "वाजस का?"

प्रवीणने कानांवर हात ठेवले. "काका, बेल तो एकदम सारी छे!" म्हणजे मी ठणठणीत, निर्दोष.

आप्पा पायरीवर बसले. पुढचं बोलवेना. सून नूतन दारात होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे. "आप्पा, बेल राहू द्या. आधी तुम्हाला डॉक्टरांना दाखवू."

डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते मला घरबसल्या कळलं, कारण सगळ्यांनी ते आप्पांना ओरडून सांगितलं. यंत्रमागांच्या खटखटाटाने जे ऐकू येणं नेलं ते परत येणार नाही. बारीक, उंच आवाज आधी जातात. चिमण्या त्यातच आल्या. पण कानाच्या आत केसासारख्या रक्तवाहिन्या असतात. हृदय दमलेलं असलं की तिथं रक्त पोचवण्यात कुचराई होते. उरलंय ते जपायचं तर कानाला मशीन लावा, आणि चाला.

मी सुन्न झाले. थरथरता अंगठा माझ्या बटणाला ठाऊक, न पोचणारा आवाज माझ्या डब्याला ठाऊक. दोन्ही एकाच वायरीवर. तरी मला जोडता आलं नाही!

आता आप्पा रोज चालायला जातात. लिफ्टने उतरतात, मोपेडवर बागेपर्यंत जातात, चालतात, मोपेडवर परततात आणि लिफ्टने वर येतात. तरी अंगठा जरा शांत झालाय. परवा मशीन लावून त्यांनी मला प्रथमच नीट ऐकलं आणि विचारलं, "इतली कर्कश बेल कोनी आनी?" मला भरून आलं.

म्हणून मित्रांनो, घरात कोणाला ऐकू येईनासं झालं, तर बेल बदलण्याआधी त्यांना जिना चढताना बघा.

तरी सोसायटीच्या माननीय सेक्रेटरी साहेबांस नम्र विनंती की, धडधाकट रहिवाशांसाठी लिफ्ट बेमुदत बंद ठेवावी आणि आप्पांच्या मोपेडची चावी अर्जदार बेलच्या ताब्यात द्यावी. अर्जदारास हात नाहीत, एवढ्या कारणावरून अर्ज फेटाळण्यात येऊ नये.