आवडाबाईंच्या हातातली बॅट

मित्रांनो, मी टेबल टेनिसची एक जुनी बॅट आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना हळू बोलावं, मधूनमधून उसासे टाकावेत, अशी तुम्हाला सवय असेल. ते मला जमायचं नाही. पातळ लाकडाचे थर एकमेकांवर चिकटवून माझं अंग केलेलं आहे. एका बाजूला लाल रबर, दुसऱ्या बाजूला काळं, आणि रबराखाली स्पंज. चेंडू आदळला की स्पंज दबतो आणि त्याला परत पाठवतो. उलट देणं माझ्या अंगातच आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मात्र मी अशी नव्हते. ज्या बाईने माझं रबर चिकटवलं, तिने त्याच्यावरून तळहात फिरवून कुठे हवेचा बुडबुडा राहिलेला नाही ना, हे पाहिलं होतं. सगळ्यांचेच हात असे असतात, अशी माझी समजूत झाली.

मी आले घोडबंदर रोडवरच्या एका उंच टॉवरमध्ये, हर्षित नावाच्या गृहस्थांकडे. त्यांनी मला ऑनलाइन मागवलं होतं. माझा खोका फोडतानाचा व्हिडिओ काढला, तो ग्रुपवर टाकला, मोबाइलमध्ये टीटी शिकवणारं एक ॲप घेतलं आणि किती घाम गाळला ते सांगणारं दुसरं. पहिले काही दिवस ते रोज टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये यायचे. बरे खेळायचे. मला वाटलं, मी सुखात पडले!

मग पिकलबॉल नावाचा नवा खेळ आला. त्याची वेगळी बॅट आली, वेगळे बूट आले. त्याच्यामागून सायकल आली, हेल्मेट आलं, सायकलचं ॲप आलं. मित्रांनो, माणसाला नवं काही आवडलं, यात काही वाईट नाही. माझा राग त्याच्यावर नाही. हर्षितनी मला क्लबहाऊसच्या खिडकीत ठेवलं आणि विसरले. 'घ्या ही, कुणीतरी खेळा' एवढं एक वाक्य ते कुणाला म्हणाले असते, तर मी त्यांना कधीच माफ केलं असतं.

त्या खिडकीत माझं काय झालं, ऐका. माझ्यावर चटणीच्या वाट्या ठेवून लोकांनी त्या पंगतीत फिरवल्या. माझ्याने झुरळं मारली. दार वाऱ्याने आपटायला लागलं की माझी मूठ त्याच्या फटीत घातली. आणि ते निळं टेबल, ज्याच्यासाठी मी जन्माला आले, त्याच्यावर पावभाजीचे गरम तवे यायचे. वाढदिवस कुणाचाही असो, भाजायचं ते टेबलानेच. मी काय पोळपाट होते? ते काय ओटा होतं?

त्या संक्रांतीला क्लबहाऊसमध्ये हळदीकुंकू होतं. भर कार्यक्रमात वीज गेली. जनरेटरवर दिवे आले, एसी काही आला नाही. एवढ्या गर्दीत उकाड्याने बायका हैराण झाल्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर आवडाबाई बसल्या होत्या. लुगडं नेसलेल्या, वयाने साठीच्या पुढच्या, पण हाडापेराने भक्कम. त्यांनी हात लांब करून मला उचललं आणि वारा घ्यायला लागल्या.

"यो पंखा बारका हाय," त्या म्हणाल्या, "वाराच नाय लागत."

शेजारी बसलेली रचना हसली. "आजी, तो पंखा नाहीये. टीटीची बॅट आहे ती."

"टीटी म्हंजे?"

"खेळ आहे. दाखवू का? लहानपणी खूप खेळलेली मी, विठ्ठलवाडीला."

"मी काय खेलू या वयात?" असं म्हणत आवडाबाई उठल्यासुद्धा.

या दोघी कोण, ते सांगते. टॉवर आज जिथे उभा आहे, तिथे आवडाबाईंच्या घरची भातशेती होती. त्या स्वतः तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरात राबल्या होत्या. जमीन गेली, तिच्या बदल्यात टॉवरमध्ये फ्लॅट मिळाले, आणि आता मुलगा गोपीनाथ, सून भावना यांच्यासोबत त्या बाराव्या मजल्यावर राहायच्या. काम कुणी करू द्यायचं नाही. सकाळ देवपूजेत जायची, दुपार मात्र सरता सरायची नाही. रचना याच टॉवरमध्ये भाड्याने राहायची, घरूनच कंपनीचं काम करायची. तिचं बालपण विठ्ठलवाडीच्या चाळीत गेलं. तिथल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये दोन बाकं जोडून, मध्ये नेट म्हणून विटा मांडून ही मुलं टीटी खेळायची.

तिने टेबलावरच्या तिळगुळाच्या डब्या बाजूला केल्या आणि हलकेच चेंडू टाकला. आवडाबाईंनी मला अशी फिरवली की चेंडू थेट छताला लागला. दुसरा फुकट गेला. तिसरा त्यांच्या पदरात अडकला.

"कवरा लबाड हाय गो यो चेंडू!" त्या म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

चौथा चेंडू माझ्या लाल रबराच्या बरोबर मधोमध लागला आणि नेटवरून पलीकडे गेला. कितीतरी दिवसांनी माझा स्पंज दबला होता. मित्रांनो, कारखान्यातल्या त्या बाईनंतर मला नीट धरणारा हात तोच.

मग रोज संध्याकाळी आम्ही खेळायला लागलो. आवडाबाईंनी मला घरी नेलं, जुन्या झबल्याच्या कापडाची पिशवी शिवली. भावनाने त्यांना मोबाइलवर टीटीचे सामने दाखवणारं एक ॲप लावून दिलं, आणि दुपारी जेवण झालं की त्या चष्मा लावून बसायच्या. चीनच्या मुली काय वेगाने खेळायच्या! आवडाबाई मला हातात धरूनच बघायच्या. गोपीनाथ काही बोलायला आले की "थांब, पोरीची सर्विस हाय," म्हणून त्यांना गप्प करायच्या. चेंडूला फिरकी कशी द्यायची, हे त्यांनी त्या मुलींचं बघूनच घोटलं. चुकायच्या फार. पण एखादी सर्व्हिस अशी वळायची की रचनाही बघत राहायची.

हे असंच चाललं असतं. कुणाच्या पोटात दुखत होतं? कुणाच्याच नाही. राग येतो तो इथेच. कुणाच्या मनात वाईटही नव्हतं, तरी वाईट झालं.

टॉवरच्या कमिटीने क्लबहाऊससाठी ॲप आणलं. कमिटीचं मोबाइलवरचं सगळं हर्षित बघायचे. आता टीटीच्या हॉलला काचेचं दार आणि त्याला इलेक्ट्रॉनिक कुलूप. ज्याने ॲपवर तासाचं बुकिंग केलं, त्याच्याच मोबाइलवर ते उघडणार. भाडेकरूंना बुकिंग नाही, म्हणजे रचना बाद. भावना सासूसाठी करू पाहायची, पण ती ॲप उघडेपर्यंत आठवडाभराच्या सगळ्या संध्याकाळी लाल, म्हणजे बुक झालेल्या असायच्या. चारपाच लोकच सगळे तास घेऊन ठेवायचे, न जाणो खेळावंसं वाटलं तर असू दे म्हणून. त्यांत हर्षित पहिले.

आणि यायचं कुणीच नाही! आवडाबाई मला घेऊन दारापाशी उभ्या राहायच्या. आत दिवे लागलेले, टेबल मोकळं, माणूस एकही नाही. ॲपवर मात्र 'बुक्ड'. उपाशी माणसासमोर भरलेलं ताट ठेवून वर जाळी ठोकावी, तसं ते होतं. काही दिवस त्या तशाच परत गेल्या. एका संध्याकाळी त्यांचा संयम सुटला. त्यांनी माझ्या मुठीने काचेवर ठोके मारले.

"कोन हाय आत? कोनच नाय ना? मंग उघरा!"

काच फुटली नाही, चरासुद्धा पडला नाही. पण दारावरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं, आणि तो व्हिडिओ टॉवरच्या ग्रुपवर फिरला. खाली हर्षितनी लिहिलं होतं, 'घरातल्या ज्येष्ठांना कृपया समजवा. मालमत्ता सर्वांची आहे.' सर्वांची! हा शब्द ऐकला आणि माझं रबर उकलून येतंय की काय असं मला झालं.

गोपीनाथ घरी आले ते लाल होऊनच. "आये, सगल्यांनी बघितला तो व्हिडिओ. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून हसतान. तुना घरात काय कमी केलंय मी?"

"काय कमी नाय," आवडाबाई म्हणाल्या. "मना खेलाचं हाय."

"लहान पोर हाय का तू? टीव्ही बघ, देवळात जा. या वयात असली थेरं नकोत."

त्यांनी मला आईच्या हातातून काढून घेतलं आणि कपाटाच्या वर टाकलं. त्या दिवसापासून आवडाबाईंनी सामन्यांचं ते ॲपही उघडलं नाही. मिठागरात भर उन्हात राबलेली बाई पंख्याखाली बसून भिंतीकडे बघायची, जेवायला हाक मारली तर दोन घास खाऊन उठायची. हे मी कपाटावरून बघत होते आणि मला हलता येत नव्हतं.

शेवटी भावनाने स्टुलावर चढून मला खाली काढलं. सासूच्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, "रचना खाली रिक्षा घेऊन थांबलीय. मी काही बघितलेलं नाही."

आम्ही विठ्ठलवाडीला गेलो. विहाराच्या हॉलमध्ये तीच जोडलेली बाकं, त्याच विटा. रचनाच्या आई भीमाबाई चहा घेऊन आल्या आणि चहा बाजूला ठेवून स्वतःच खेळायला लागल्या. त्यांना काही येत नव्हतं. आवडाबाई त्यांना शिकवायला लागल्या, "मनगट फिरव गो, खांदा नको फिरवू." ना कुलूप, ना बुकिंग. ज्याला खेळायचं त्याने यावं. दुपारभर मी इतकी खेळले की माझी कड एका जागी उकलली, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. रचनाने एक छोटा व्हिडिओ काढला, लुगडं खोचून सर्व्हिस करणाऱ्या आवडाबाईंचा. तो तिने मैत्रिणींना पाठवला, मैत्रिणींनी आणखी कुणाला. आठवड्याभरात तो ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत हजारोंच्या मोबाइलवर पोचला.

आता बघा हं गंमत. नव्हे, गंमत कसली! महिला दिन जवळ आला होता. हर्षित हसतमुखाने आवडाबाईंच्या घरी आले. "काकी, तुम्ही आपल्या टॉवरची शान आहात. टीटी हॉलमध्ये फोटो काढू या. बॅनर पण छापलाय."

आवडाबाईंनी मला पिशवीतून बाहेर काढलं. मग म्हणाल्या, "येते."

हॉलचं काचेचं दार त्या संध्याकाळी सताड उघडं होतं. टेबलावर फुलं, भिंतीवर बॅनर, कमिटीतली सगळी माणसं. हर्षितनी मला आवडाबाईंच्या हातात पाहिलं आणि ओळखलं. "अरे, ही तर माझी बॅट! फोटोखाली लिहा, मीच दिलेली काकींना."

मित्रांनो, मला तोंड असतं ना!

फोटो झाले. लोक पांगायला लागले. हर्षित म्हणाले, "चला काकी, पुढचा तास बुक्ड आहे. दार लॉक होईल."

"कोनाचा हाय तास?" आवडाबाईंनी विचारलं.

हर्षितनी मोबाइल पाहिला. "माझाच आहे. पण आज मी काही खेळत नाहीये."

आवडाबाईंनी टेबलावरची फुलं गोळा केली आणि खिडकीत ठेवली. "फोटोला दार उघरतं, खेलाला उघरत नाय? रचना, टाक चेंडू. मी नाय जायाची. कुलूप लावाचं तर मना आत ठेवून लावा."

दोघी खेळायला लागल्या. हर्षितनी गोपीनाथना फोन लावला, "प्लीज, आईंना घेऊन जा." गोपीनाथ आले. मला वाटलं, आता पुन्हा कपाटावर.

गोपीनाथ दारात थांबले. आई त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती, तिचं लक्ष चेंडूवर होतं. घामाने तिचं कपाळ चमकत होतं. मग त्यांनी कोपऱ्यातली एक जड लोखंडी खुर्ची ओढत आणली आणि दाराच्या बरोबर मध्ये ठेवली. दार मिटायला आलं, खुर्चीवर आपटलं आणि तसंच राहिलं. गोपीनाथ त्या खुर्चीवर बसले.

"हर्षितभाऊ," ते शांतपणे म्हणाले, "माझी आय खेलते. तिचा झाला की मी उठेन."

दुसऱ्या दिवशीही ते येऊन बसले. तिसऱ्या दिवशी भावना बसली. पाठोपाठ इतर मजल्यांवरच्या बायका आल्या, शाळेतली मुलं आली, भाडेकरू आले. मिटिंग झाली, आरडाओरडा झाला, आणि नियम बदलला. बुकिंग करून जो येणार नाही, त्याची वेळ दारात उभ्या असलेल्याची. भाडेकरूंनाही हॉल खुला. हे कमिटीच्या चांगुलपणाने झालेलं नाही, हे ध्यानात ठेवा. एक माणूस दारात बसला, म्हणून झालं.

माझा राग गेला का? नाही गेला. माझी कड अजून उकललेली आहे, आणि तशाच कितीतरी बॅटी, सायकली, गिटारी तुमच्या घरांत धूळ खात पडलेल्या आहेत. मित्रांनो, तुमचा उत्साह संपला तर संपू द्या, त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण तुम्ही वापरत नाही ती वस्तू आणि खेळत नाही ती जागा अडवून बसू नका. तुमच्यामागे कुणीतरी ताटकळत उभं असतं. आज घरी जा, कपाटावर बघा, पलंगाखाली बघा. जे सापडेल ते पुसा आणि ज्याला हवं असेल त्याच्या हातात द्या.

आणि खेळायचं असेल तर संध्याकाळी हॉलवर या. सर्व्हिस आवडाबाईंची आहे.